कानाचा दिवस

उजवा गुडघा

तीस सप्टेंबरच्या दुपारी रेनो कांगास लाकडांच्या शेडमागे उभा राहून अंगातले आवाज बाहेर काढत होता.

खिसे रिकामे करावेत तसा. आधी मान, डावीकडे एक, उजवीकडे दोन. मग बोटं, एकेक करून. मग कमरेला वळसा, तिथे वाळकी फांदी मोडल्यासारखं काहीतरी झालं आणि शेडवरचा कावळा उडाला. मग खांदा. सगळ्यांत शेवटी उजवा गुडघा, कारण तोच सगळ्यांत लबाड. खाली बसायचं, उठायचं. पुन्हा बसायचं. तिसऱ्या खेपेला तो बोलला: कट्ट.

गेल्या पाच-सहा वर्षांत त्याने हे शोधून काढलं होतं. सांधा एकदा वाजला की वीस-पंचवीस मिनिटं पुन्हा वाजत नाही. गुडघ्याला तेवढी लाज असते. खांद्याला असतेच असं नाही.

वीस मिनिटं पुष्कळ होती. सगळे सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, जाऊन बसले की उठायचं, धनुष्य ओढायचं, मनात दहा मोजायचे, संपलं. उद्या हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला की पहाटे मचाणावर.

"बाबा!" मार्लिसने घरातून हाक मारली. "कॉफी झालीय!"

आणि अंगावर झाड पडत असलं तरी कांगासांच्या घरात कॉफीला नाही म्हणता येत नाही.

कान

कान म्हणजे असं.

सौनाबाहेरच्या, कपडे बदलायच्या खोलीत एकाने स्टुलावर बसायचं, मचाणावर बसतात तसं, धनुष्य मांडीवर. बाकीच्यांनी आत बाकावर, दाराकडे पाठ करून. भट्टी विझलेली, दार उघडं. बाहेरच्याने उठायचं, दोरी गालापर्यंत ओढायची, दहापर्यंत धरायची, हळूच परत आणायची. आतल्या कुणालाही काहीही ऐकू आलं तर त्याने हात वर करायचा. एक हात पुरे. ज्याच्यासाठी हात वर झाला तो त्या वर्षी धनुष्य घेऊन झाडावर चढत नाही. का, कसं, आणखी एकदा बघू, असलं काही नाही.

"आपल्याला ऐकू येतं, मग हरणाला काय भोंगा लागतो?" असं ॲक्सेल कांगास म्हणायचा. रेनोचा बाप. रीत त्याचीच.

निकाल सौनाच्या फळीवर सुताराच्या पेन्सिलीने लिहिलेले होते. वाफेने बरेच पुसट झालेले.

*१९६३. कुणी नाही.*
*१९७१. वेस. (खोकला.)*
*१९८४. ॲक्सेल. हात: रेनो.*

त्यानंतर खाली नुसतंच कुणी नाही, कुणी नाही, कुणी नाही.

चौऱ्याऐंशी साली बाकावर पाच जण होते. बापाचं कोपर वाजलं, पेन्सिल मोडावी एवढंच. हात वर गेला तो एकट्या रेनोचा, कारण बापानेच शिकवलं होतं. ॲक्सेलने धनुष्य खुंटीला लावलं, भट्टी पेटवली, सगळ्यांसाठी पाणी भरलं. पुन्हा जंगलात गेला नाही. पुढच्या मे महिन्यात त्याला पुरलं, तेव्हा कबरीपाशी धाकटी बहीण आयली रेनोच्या कानाशी आली आणि म्हणाली, "मलाही ऐकू आलं होतं. मी हात मांडीवर ठेवला."

बाप तेव्हा बहात्तरचा होता. रेनोला या जूनमध्ये बहात्तर पुरी झाली.

घोटे (दोन्ही, विशेष तक्रार नाही)

मागच्या पायऱ्यांवर तो थांबला. दाराची जाळी नुसती लोटलेली होती आणि आत तिघं बोलत होते.

"तू हात वर कर, डेल," मार्लिस म्हणत होती. "तू केलास तर बाबा ऐकतील. मी केला तर म्हणतील, नर्स आहे, हिला सगळीकडे मोडलेली हाडंच दिसतात."

"आणि जागा कुणाला मिळणार? मला." डेल म्हणजे आयलीचा मुलगा, चव्वेचाळीसचा, हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा. "मामाची जागा हवी म्हणून हात वर केला, असं होईल. गावात तोंड कुठे लपवू? त्यांच्या आळीतला बर्फ मलाच काढायचा असतो."

"मागच्या वर्षी मचाणाची शेवटची पायरी चुकली, दोन तास खाली पडून होते. दोन तास! मला सांगितलं, ढग बघत होतो."

"ढग होते त्या दिवशी," आयली म्हणाली.

"मावशी!" असं म्हणायची मार्लिसला लहानपणापासून सवय, आत्या म्हणायला कुणी तिला कधी शिकवलंच नव्हतं. "तू थट्टेवर नेऊ नकोस."

"थट्टा नाही. नीट ऐका दोघंही. कुणी हात वर करणार नाही. या घरात एकदा झाला हात वर, तेवढा पुरे. त्याच्याकडे आता आहे काय? हेल्मी वहिनी गेली. गिरणी बंद झाली. ते झाड काढून घेतलंत तर तो कशावर बसेल? या खुर्चीवर?"

"आणि खरंच ऐकू आलं तर?" डेलने विचारलं.

"तर तुझे कान गाडीच्या आवाजाने गेलेत असं समज."

रेनोने बूट मुद्दाम पायरीवर आपटले. आत चमचे वाजायला लागले.

कॉफी

हा सांधा नाही. पण सगळं इथेच निखळलं, म्हणून घ्यायला हवा.

टेबलावर वेलदोड्याचा पाव होता, भाजलेलं चीज होतं, आणि मार्लिसच्या हातात ती मोठी पांढरी किटली. रेनोने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सात मिनिटं गेली होती.

"बैस, बाबा."

बसताना गुडघा बोलला नाही. शहाणा.

"मी काय म्हणतो मामा," डेलने पाव बुडवत सुरुवात केली, "तुम्ही ते आडवं धनुष्य का नाही घेत? घोडा दाबला की झालं. जमिनीवर खोपट घालून देतो, आत खुर्ची, शेगडी. कायद्याने चालतं आता."

"कायद्याने दाढी रंगवलेलीही चालते."

"खोपटात बसून मारायचं तर त्यापेक्षा तुझ्या गाडीखाली घे ना एखादं," आयली म्हणाली. "तेवढंच कमी कष्टाचं."

"मी त्यांच्या भल्यासाठी सांगतोय, आई."

"भल्यासाठी सांगणाऱ्यांनीच तुझ्या मामाच्या धनुष्याची ओढ कमी केली. साठ पौंडांचं होतं, मग पन्नास, आता बेचाळीस. पुढच्या साली रबर लावून दे, चिमण्या मारेल."

रेनो हसला. आयली अशी बोलली की त्याला बरं वाटायचं, आणि आता बरं वाटायला नको होतं, कारण जाळीमागचं बोलणं तो ऐकून आला होता. कुणी हात वर करणार नाही. झाड असं चोरूनच मिळणार असेल तर कशाला आवाज काढत बसलो शेडमागे?

पण घड्याळाकडे त्याची नजर गेलीच. तेरा मिनिटं.

"चला," तो म्हणाला.

"दुसरा कप," मार्लिस म्हणाली.

"झाला माझा."

"एकाच कपावर उठतोस? आईने उठू दिलं असतं?"

हेल्मीचा विषय निघाला तसा त्याने कप पुढे सरकवला. मार्लिसने कप काठोकाठ भरला. गरम, वाफा येणारी. तो फुंकत राहिला. आयलीने कुणाच्या तरी अंत्यसंस्काराची गोष्ट काढली, पाद्री चुकीचं नाव घेऊन कसा रडला ती. डेल हसताना ठसकला. मार्लिसने तिसरा भरला. वीस. चोवीस. एकतीस. तिने एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि मग बापाच्या गुडघ्याकडे. तेव्हा रेनोला कळलं. ती नर्स होती. सांध्यांचं तिला त्याच्याहून जास्त कळत होतं.

"आता झाली ना?" त्याने विचारलं.

"आता झाली," ती म्हणाली आणि किटली खाली ठेवली. तिचे डोळे भरले होते, पण किटली तिने अगदी नीट, झाकण सरळ करून ठेवली.

खांदा

तीन पाठी. मधे मार्लिसची, डावीकडे आयलीची, उजवीकडे डेलची. सौनाच्या एवढ्याशा खिडकीतून पिवळा उजेड. जुन्या राखेचा वास.

रेनो उठला. गुडघा गप्प राहिला, हे त्याचं त्यालाच खरं वाटेना. धनुष्य वर. धनुष्याच्या टोकांची चाकं फिरली, तेल घातलेली, निमूट. दोरी गालाला लागली. एक. दोन. तीन.

चारला खांदा वाजला.

टक. छोटासा नाही, चांगला भरघोस. बंद पेटीत अक्रोड फुटावा तसा. स्वतःच्या दातांत जाणवला त्याला.

तो मोजत राहिला, कारण मोजायचं असतं. पाच. डेलच्या मानेची शीर ताठ झाली. सहा. मार्लिसचा डावा हात मांडीवरून उचलला गेला, बोटभर. सात. आयलीच्या हाताने ते मनगट धरलं. वळून न बघता, अंधारात दिवा चाचपावा तसं, आणि दाबलं. मार्लिसने ओढून पाहिलं. आठ. आयलीच्या हाताच्या शिरा फुगल्या. नऊ. मनगट सैल पडलं.

दहा.

त्याने दोरी परत आणली.

"झालं," तो म्हणाला.

तिघं वळले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"छान," डेल म्हणाला. घसा साफ केला. "मांजरासारखं."

रेनोने त्या वेळी बोलायला हवं होतं. हे पुढे त्याने स्वतःला पुष्कळदा सांगितलं. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, लेको, मेलेल्या माणसालाही ऐकू आलं असतं. तेवढं एक वाक्य. पण खिडकीतून त्याला टेकडी दिसत होती, मेपलची झाडं लाल पेटलेली, आणि त्यामागे मचाणाचं ते हेमलॉकचं झाड, ज्याचं खोड त्याला पाठीने ओळखता यायचं.

त्याने पेन्सिल घेतली आणि फळीवर लिहिलं: कुणी नाही.

बोटं

एक ऑक्टोबर. गोठलेल्या दवाचं पांढरं, वारा नाही. मचाणावर तो उजाडायच्या आधीपासून बसला होता, पट्टा झाडाला बांधून, कारण तेवढं मार्लिसला कबूल केलं होतं. बोटं काकडून खुंट्यांसारखी झाली होती. ती खिशात मुठी करून धरायची, सोडायची, धरायची.

त्याला सुख झालं होतं. हेही लिहायला हवं.

सव्वाआठला तो आला. आठ टोकांच्या शिंगांचा नर, मान माजाने फुगलेली, पानं उडवत नाही, पानांतून वाहत आल्यासारखा. बावीस पावलं. वीस. थांबून बाजूला वळला, डोकं एका ओकच्या बुंध्यामागे. ओढायची वेळ हीच असते.

रेनो उठला. ओढलं.

टक.

नराचं डोकं बुंध्यामागून बाहेर आलं. अंग आवळलं, पाय वाकले. हरीण असं खाली बसल्यासारखं होतं ते उडी मारायच्या आधी. पोरालाही माहीत असतं की आता सोडायचं नाही. रेनोलाही माहीत होतं. पण खांद्यात आवाजामागून कळ आली, पांढरी, कोपरापर्यंत. बोटांनी मालकाला विचारलं नाही.

बाण सुटला तेव्हा नर वळत होता.

तो आवाजही रेनोला ओळखीचा होता. छातीवर लागला तर ढोलावर थाप पडते. हा ओल्या गोणीवरचा होता. पांढरं शेपूट खाली घालून, पाठ कमानीसारखी करून नर उतारावरून सीडरच्या झाडांच्या दलदलीकडे चालत गेला. पळाला नाही. चालत.

बाण सापडला. त्याने वास घेतला. पात्यावर हिरवट काहीतरी.

घरी पोचायला त्याला एरवीच्या दुप्पट वेळ लागला. तिघं स्वयंपाकघरात होते.

"पोटात लागला," तो म्हणाला.

कुणी "कसा" असं विचारलं नाही. त्यातच सगळं आलं.

"तीनपर्यंत थांबावं लागेल," डेल म्हणाला. "आत्ता हुसकवला तर पार सरोवरापर्यंत जाईल." मग आयलीकडे बघून, हळू: "थांबू ना, आई?"

आयलीने मान डोलावली. ती काल रात्रीपासून विणत होती ती पट्टी तिने उसवायला घेतली.

गुडघे, आठही

मेपलची लाल पानं सगळीकडे, आणि त्यांवर रक्त शोधायचं. लालावर लाल. डोळ्यांना कळत नाही. बोट ओलं करून प्रत्येक ठिपका पुसून बघावा लागतो. रंग बोटावर आला तर रक्त, नाही आला तर शरद ऋतू.

चौघं रांगत होते. ठिपका सापडला की वर फांदीला कागदी रुमालाचा तुकडा अडकवायचा. चारपर्यंत मागे पंधरा तुकडे झाले होते, कुणाच्या तरी लग्नाची सजावट उरल्यासारखे.

"इथे बसला होता," डेलने हाक दिली. दाबलेलं गवत, मधे काळपट ओल. "मग उठला."

साठ पावलांवर आणखी एक.

"इथेही."

मार्लिस रेनोच्या बाजूलाच होती. ती पानं पुसता पुसता थांबली.

"मी ऐकलं होतं, बाबा."

तो पुढचं पान उलटत राहिला.

"काल. मी हात उचलला होता."

"मी धरला," मागून आयली म्हणाली. "माझ्यावर घाल ते. हिने ओढून पाहिला."

"मला दिसलं," रेनो म्हणाला.

दूर दलदलीत पाण्यात काहीतरी पडलं, बहुधा बेडूक.

"दिसलं?" मार्लिस गुडघ्यांवर सरळ झाली. "तुला दिसलं? मग चढलास कशाला?"

"तुम्ही पाठवलंत म्हणून."

"नाही हं. आमच्यावर नको. तुला जायचं होतं म्हणून गेलास."

"मार्लिस," डेल म्हणाला.

"तू गप रे. तू मांजर म्हणालास! मांजर!" ती रडायला लागली आणि रडता रडता हातातलं पान पुसत राहिली, ओलं बोट, पान, ओलं बोट. "मी ती कॉफी पाजली ना, तीन कप, ते उगाच नाही. मला वाटलं गुडघाच वाजेल आणि सगळे हसतील आणि कुणीतरी हात वर करेल आणि होऊन जाईल. मला वाटलं तुला त्रास होईल, तेवढाच. तुलाच."

रेनोला तिच्याकडे जायचं होतं. त्याने एक पाय मोडून वर घ्यायला पाहिलं आणि उजवा गुडघा जागच्या जागी अडकला. मागेही नाही, पुढेही नाही. तो चार पायांवर तसाच राहिला, पानांकडे तोंड करून.

"डेल," तो म्हणाला. "जरा."

डेलने काखेत हात घालून त्याला उभं केलं. इतक्या वेळा आवाज झाला की मोजायची सोय नव्हती. कुणी हसलं नाही.

"चौऱ्याऐंशी साली," आयली पँटचे गुडघे झटकत म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही, "मला वाटलं होतं की मी बाबांवर माया केली आणि तू नाही केलीस."

"तू तसं म्हणालीसही. कबरीपाशी."

"म्हणाले ना. तोंड होतं माझं."

उजेड गेला तेव्हा ते दलदलीच्या काठाला होते आणि शेवटचा तुकडा मागे तीस हात होता. पुढे काळं पाणी, सीडरची मुळं. पाणी काही सांगत नाही.

(इथे सांधा नाही)

दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी दाखवला.

दलदलीतल्या एका उंचवट्यावर. कोल्हे रात्री येऊन गेले होते, मागचं अंग काही उरलं नव्हतं. डेल वाकून बघत होता, आजूबाजूचं शेवाळ चाचपत होता.

"काय बघतोस?" रेनोने विचारलं.

"काही नाही, मामा."

"सांग."

डेल उभा राहिला. टोपी काढून पुन्हा घातली. "काठापासून इथपर्यंत आणखी तीनदा बसला होता. आणि तीनदा उठला. कोल्हे आले तेव्हा... तेव्हाही उठायला बघत होता, असं दिसतं."

डेलने शिंगं कापायला करवत काढली, तशी रेनोने नको म्हणून मान हलवली, आणि करवत परत पिशवीत गेली.

दोघं परतले. अंगणात आयली आणि मार्लिस लाकडं रचत होत्या, लागत नसताना. डेलच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं.

"सौनात चला," रेनो म्हणाला.

"भट्टी पेटवू?" मार्लिसने विचारलं.

"नको. बसा. पाठ करून."

"बाबा, आता कशाला? आता राहू दे ना. तू बसू नकोस मचाणावर, बस, आम्ही काही—"

"तसं नाही करत आपण. बसा."

"मामा, तुम्ही नुसतं सांगा की नाही जाणार. कोण विचारतंय?"

"मीच विचारतोय."

ते गेले. तीन पाठी: या खेपेला आयली मधे बसली, दोघांचे हात तिच्यापासून लांब, प्रत्येकाचा आपापल्या मांडीवर. रेनो स्टुलावर बसला. कालपासून आजपर्यंत तो इतका रांगला होता, पडला होता, मुळांवरून चढला-उतरला होता की आपलं अंग आपलं आहे असं त्याला वाटत नव्हतं. धनुष्य मांडीवर घेतलं. श्वास सोडला.

उठला.

गुडघा गप्प. ठीक आहे, तो नेहमीचाच लबाड. दोरी ओढली, हळू, मुद्दाम खांद्यावर भार देत. एक. दोन. तीन. चार.

काही नाही.

पाच. सहा. त्याने खांदा थोडा मागे रेटला, बोल म्हणून. सात. पंचविशीतही त्याने एवढं निःशब्द ओढलं नव्हतं. दोरी गालाला अशी लागली होती की जणू तिथेच वाढली होती. आठ. बाहेर मेपलचं पान फरशीवर उतरलं ते ऐकू आलं. नऊ. दहा.

तो थांबला नाही. अकरा. बारा. हात थरथरायला लागले, तरी ते थरथरणंही बिनआवाजाचं. डेलची पाठ हलली नाही. तो खरा माणूस होता, न ऐकलेल्याला हात वर करणार नव्हता. मार्लिसने डोकं खाली घातलं होतं. तिनेही काही ऐकलं नव्हतं. तिच्या मानेवरून कळत होतं, ती ऐकू यायची वाट बघत होती, देवळात बघतात तशी. तेरा. चौदा. म्हणजे नाव फळीवर येणार नाही. म्हणजे उद्या पहाटे झाड त्याचं, रीतीप्रमाणे, कुणाची दया नसताना. आणि तो जाईल. हे त्याला स्वतःबद्दल आता नक्की माहीत होतं. कुणी धरलं नाही तर तो जाईल.

पंधरा.

आयलीचा हात वर झाला.

सहज नाही झाला. तो हात गेल्या हिवाळ्यापासून खांद्याच्या वर जात नव्हता. केस विंचरायला तिला मान खाली घालावी लागायची. तिने तो आधी मांडीवरून उचलला, मग कोपरातून सरळ केला, मग ओठ दाबून वर, आणखी वर, डोक्याच्याही वर नेला. वर जाताना तो मुळाशी कडाडून वाजला. सबंध सौनात तेवढाच आवाज होता. तिघांनाही ऐकू गेला.

मार्लिसने वळून तिच्याकडे पाहिलं.

रेनोने दोरी परत आणली.

"दिसला," तो म्हणाला. "खाली घे आता, आयली. दुखेल."